मधल्या मिनिटाचे व्यापारी

टीव्हीवर मुष्टियुद्ध लागलं की आमचे शेजारी सबनीस त्याच्याकडे पाठ करून बसतात. शेंगा सोलतात, नखं कापतात. फेरी संपल्याची घंटा झाली आणि जाहिराती लागल्या, की गर्रकन वळून डोळे फाडून बघतात. बनियनची, इन्व्हर्टरची, पंख्याची. पुन्हा घंटा झाली की पुन्हा पाठ. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मी चहाची कपबशी हातात घेऊन तशीच उभी राहिले.

"वहिनी, मारामारी फुकट असते. माल मधल्या मिनिटात आहे," ते म्हणाले.

सबनीस इथे गुरुग्राममध्ये तेच मिनिट विकतात, दोन फेऱ्यांमधलं. व्यावसायिक मुष्टियुद्ध भरवणाऱ्या एका कंपनीसाठी जाहिराती आणायच्या, ही त्यांची नोकरी. मला आपलं वाटायचं, चॅनेलवाले सामने विकत घेत असतील.

"छे हो! ते क्रिकेटचं. आमच्यात उलटी गंगा. चॅनेलला पैसे मोजून वेळ आपणच घ्यायचा, माणसंही आपणच लढवायची, आणि मधल्या मिनिटांवर सगळं वसूल करायचं. जी जाहिरात लागली नाही, तिचे पैसे परत!"

एकदा दुसऱ्याच फेरीत एक जण आडवा झाला. सबनीस कपाळ बडवत ओरडले, "झोपला गधा! पुढचे सगळे ब्रेक गेले, यार!" तिथे माणूस बेशुद्ध पडलाय, आणि हे पंख्याच्या जाहिरातीचं सुतक पाळतायत! असा संताप आला मला.

गणपतीत तर त्यांनी कहर केला. सोसायटीच्या दोन आरत्यांच्या मध्ये माईक घेऊन सेक्टरमधल्या डेंटिस्टची जाहिरात वाचली. गुरुजींच्या हातातली घंटा थबकली. तबक धरलेल्या आमच्या ह्यांनी आ वासला तो मिटेचना. वर्गणी मात्र त्या वर्षी कमी पडली नाही, हेही सांगायला हवं.

त्यांचा लाडका म्हणजे विरेंदर, मानेसरच्या कारखान्यातला वेल्डर. "सोनं आहे सोनं! फारसा जिंकत नाही, पण पडतही नाही. शेवटच्या फेरीपर्यंत बिल्कुल सगळे ब्रेक मिळतात."

गेल्या हिवाळ्यात विरेंदरचा मोठा सामना होता. सामना शेवटपर्यंत चालला तर जाहिरातदार वर्षभराचा करार करणार, नाहीतर सबनीसांच्या नोकरीवर गदा. एरवी ते सामन्याच्या हॉलकडे फिरकत नसत. जाहिराती टीव्हीवर लागतात, तिथे माझं काय काम, म्हणायचे. त्या दिवशी जाहिरातदार स्वतः आले होते म्हणून त्यांना रिंगणाशेजारी बसावं लागलं. पास मिळाले म्हणून आम्हीही त्यांच्या मागे बसलो होतो.

विरेंदर बेदम मार खात होता आणि सबनीस रिंगणाकडे पाठ करून जाहिरातदारांशी बोलत होते. घंटा झाली. घरोघरी पंख्याची जाहिरात लागली असणार. हॉलमध्ये जाहिरात नसते. सवयीनं सबनीस वळले, तर समोर स्टुलावर विरेंदर. एक डोळा सुजून मिटलेला, बादलीत रक्त थुंकत होता.

"कौन सा राउंड है?" त्यानं कोचला विचारलं. कोचनं सांगितलं. लगेच त्यानं पुन्हा विचारलं, "कौन सा राउंड है?"

सबनीस ताडकन उठले. "बंद करो! इसको उतारो नीचे!"

कोच गोंधळला. "साहब, आपने ही तो बोला था, आख़िर तक खींचना है."

सबनीसांचा चेहरा पांढराफटक पडला. मग त्यांनी धावत जाऊन डॉक्टरांना दंडाला धरून आणलं. डॉक्टरांनी विरेंदरच्या डोळ्यांत बॅटरी मारली आणि सामना थांबवला.

जाहिरातदार उठून चालते झाले. कंपनीचा मालक सगळ्यांदेखत सबनीसांना नको ते बोलला. ज्या माणसावर मी इतकी वर्षं चिडत आले, तो खाली मान घालून विरेंदरच्या ग्लव्हजच्या नाड्या सोडत होता.

"अंकल, कौन सा राउंड है?" विरेंदरनं विचारलं.

"ब्रेक चल रहा है, बेटा," सबनीस म्हणाले, आणि ओल्या टॉवेलनं त्याचं तोंड पुसत राहिले.