हरकत न आल्यास

लेक नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली आणि मी ठरवलं, की आमचा रविवारचा खेळ काही झालं तरी बंद पडू द्यायचा नाही. ठरवणं तेवढं माझ्या हातात असतं. (पुढचं सगळं अंगाशी येतं.)

खेळ लेकीनंच शाळेत असताना शोधून काढलेला. फासा टाकायचा, गुण मिळवायचे. पण आपली पाळी आली की आधी एक नियम सुचवायचा. नवा आणा, नाहीतर जुना बदला. म्हणजे खेळता खेळता खेळच बदलत जातो. कच्चा नियम दोन मतांनी होतो किंवा बदलतो, पक्क्याला तिघांची मतं लागतात. मी एकदा तिला विचारलं होतं, "पण या नियमांना जोर कुणी दिला?" तर म्हणाली, "आपण तिघं पाळतो ना बाबा, म्हणून." ऑफिसात परिपत्रकं लिहिण्यात माझी हयात गेली, पण इतकं सरळ उत्तर मला एकाही साहेबानं दिलं नाही.

ती गेल्यावर पहिल्या रविवारी मी आणि ही टेबलाशी बसलो. तिची खुर्ची रिकामी. तिकडे न बघता मी म्हणालो, "माझी सूचना. यापुढे दोघांनीच खेळायचं."

"तिघांनी खेळायचं हा पक्का नियम आहे," ही म्हणाली.

"मग तो कच्चा करू."

"त्याला तिघांची मतं लागतात."

"अगं, तिसरं माणूस घरात नाही म्हणूनच तर म्हणतोय!"

"मग बसा वाट बघत," असं म्हणून हिनं फासा डबीत ठेवला आणि उगाचच ओटा पुसायला घेतला. ओटा आधीच लख्ख होता. लेकीचा फोन आधी रोज यायचा, मग एक दिवसाआड, मग नुसताच मेसेज : बिझी आहे, नंतर करते. ती घरात असताना तिच्या बडबडीनं माझं डोकं उठायचं. आता ते डोकं उठायला तयार होऊन बसायचं आणि कुणी उठवत नव्हतं.

मग माझ्यातला कारकून जागा झाला. मी लेकीला मेसेज पाठवला, "यापुढे गैरहजर खेळाडूचं मौन हा होकार समजला जाईल. संध्याकाळपर्यंत हरकत न आल्यास संमती गृहीत धरण्यात येईल." ऑफिसात या एका वाक्यावर मी इमारती पाडल्या आहेत. संध्याकाळ झाली, उत्तर आलं नाही. नियम पास!

हिला मी विजयाची वार्ता दिली. ती शांतपणे म्हणाली, "बरं. मग माझी सूचना. संध्याकाळी टीव्ही झाकून ठेवायचा. माझं एक मत, लेकीचं मौन. झाली दोन."

"थांब! माझी सूचना. संध्याकाळी सामना लावायचा. माझं एक, तिचं मौन. माझीही दोन!"

असे दोन्ही नियम मंजूर झाले आणि दोन्ही पाळणं आलं. शेजारचे काका पेपर मागायला आले, तेव्हा आम्ही दोघं पांढरी चादर घातलेल्या टीव्हीसमोर बसलो होतो आणि चादरीतून टाळ्या ऐकू येत होत्या. काकांनी दारातच चपला काढल्या, आवाज खाली आणला आणि विचारलं, "कधी झालं हे?"

"आमचे नियम आहेत," मी म्हणालो.

"असतात, असतात," असं म्हणत काका पेपर न घेताच गेले.

मग चादरीची घडी घालता घालता ही म्हणाली, "अजून एक सूचना आहे, पक्क्या नियमाची. लेकीनं दर रविवारी सकाळी फोन करायचा."

मी लगेच हात वर केला. हिचा होताच. तिसरं लेकीचं मौन. लेक गेल्यापासून या घरात एकमतानं काही झालं असेल तर हेच. रविवारी मी दाढी करून बसलो. (फोनवर दाढी दिसत नाही, हे हिनं नंतर सांगितलं.) दुपार झाली. फोन वाजला नाही.

"तिला कळवलंत ना?" हिनं विचारलं.

कळवायचं राहिलं होतं! पण कळवलं तर ती बोलणार. बोलली की मौन संपलं, आणि कदाचित नाहीच म्हणेल. न कळवावं तर फोन येणार कसा? आणि खरं सांगायचं तर सांगून आलेला फोन मला नकोच होता. तिला आमची आठवण येऊन आलेला हवा होता. तसाच पुढचा रविवारही गेला. शेवटी हिनंच नंबर फिरवला, स्पीकर लावला आणि सगळं सांगून टाकलं.

"हरकत," लेक म्हणाली. "नियम रद्द."

मी खुर्ची फोनजवळ ओढली.

"आणि बाबा, मौन म्हणजे होकार हा नियम पास व्हायच्या आधीचं माझं मौन हे नुसतंच मौन होतं. ते तू मोजलंस कसं?"

"मग हरकत घ्यायची होतीस."

लेक म्हणाली, "मेसेज वाचला आणि वाटलं, आता यांना माझ्या मताची गरज नाही. मी नसताना छान चाललंय. मग फोन करावासाच वाटेना."

खेळ टिकावा म्हणून मी नियम केला होता, आणि त्या नियमानं मी तिलाच खेळाबाहेर काढलं होतं. "खेळ अडूनच आहे गं," ही म्हणाली. "पाळी तुझीच आहे. तुझ्यावाचून काही म्हणजे काही चाललेलं नाही."

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला. "मग माझी सूचना. मी पुढच्या महिन्यात घरी येईपर्यंत बाबाला मत नाही."

"मंजूर!" ही.

"प्रत्येकाला मत हा पक्का नियम आहे," मी ओरडलो. "तिघांची मतं लागतात!"

"मग दे की तुझं."

'पुढच्या महिन्यात घरी येईपर्यंत' हे शब्द त्यात होते. मी हात वर केला आणि माझं मत काढून घेण्याच्या बाजूनं माझं मत दिलं. मग लेक तासभर बोलत होती, आणि माझं डोकं छान उठलं.

फोन ठेवल्यावर मी हिला म्हणालो, "बघ, आता या घरात मला मतही राहिलं नाही."

"आधी तरी कुठे होतं?" ही म्हणाली. "आता नियमात बसलं, एवढंच."