म्हातारा संपला!

"लिहून ठेव, शुक्रवारपर्यंत म्हातारा संपवतो! राखसुद्धा उरणार नाही!" दादाने कचेरीतल्या दुर्बीणवालीला छातीठोकपणे सांगितलं.

म्हातारा म्हणजे एक श्वेत बटू: जळून जळून पृथ्वीएवढा आक्रसलेला तारा. असा तारा फुटला की समूळ जातो, हे दादा वीस वर्षं शिकवत आला होता. हा मेला फुटला आणि तरी जागेवर मिणमिणत राहिला! दुर्बीणवाली रोज त्याचा फोटो आणून दाखवायची. मग दादा चिडून संगणकात तसाच तारा रचायचा आणि पुन्हा फोडायचा.

प्रत्येक स्फोटानंतर कचेरीच्या 'म्हातारा' गटाला फोनवर आपोआप निरोप जावा, अशी सोय त्याने गुरुवारी रात्री केली. गट शोधताना 'म्हातारा' टाइप केलं आणि पहिला दिसला तो निवडला. तो निघाला 'आपला म्हातारा'! आई गेल्यावर बाबांच्या औषधपाण्यासाठी बहिणीने केलेला गट. दादाने तो कधीच उघडून पाहिला नव्हता.

त्यातून या आठवड्यात बाबांजवळ राहायची पाळी दादाची. बहीण परगावी होती. "हा काय, बाबांच्या उशाशी बसलोय," असं तो तिला रोज कळवत होता. कचेरीतून!

शुक्रवारी सकाळी निरोप गेला: "म्हातारा अजून शिल्लक आहे. जोर वाढवून पुन्हा प्रयत्न करतो."

"पोरगा एकटाच छाती दाबतोय गं!" गटातला निरोप वाचून काका आत्याला म्हणाले. बाबांना फोन लावून उपयोग नव्हता, ते ठार बहिरे.

अकराला: "अजूनही शिल्लक. आता सगळा जोर लावतो."

साडेबाराला: "म्हातारा संपला. काहीही उरलं नाही."

"जिंकलो!" दादा खुर्चीतून उडालाच. तेवढ्यात बहिणीचा फोन आला. ती हमसून हमसून रडत होती.

"दादा, शेवटी काही बोलले का रे?"

"कोण?"

दादा धावत सुटला. बाबांच्या घरी सगळं गणगोत जमलं होतं. काकांच्या हातात फुलं होती आणि ती कुठे ठेवावीत ते त्यांना कळत नव्हतं. मधोमध खुर्चीत बाबा बसले होते, ठणठणीत!

"ये. आई गेल्यापासून आज पहिल्यांदा सगळे आलेत," बाबा म्हणाले.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं दादाला झालं. बाबांनी त्याला जवळ ओढलं आणि कानात कुजबुजले. पण बहिऱ्याचं कुजबुजणं ते, चार घरं सोडून ऐकू गेलं.

"काळजी करू नकोस! तू आठवडाभर फिरकला नाहीस, हे मी कुणाला सांगितलेलं नाही! म्हटलं, इथेच होता, आत्ता दूध आणायला गेलाय!"

आत्याने कप खाली ठेवला. दादाला रडू आलं, पण रडायलाही तोंड उरलं नव्हतं.

खिशातला फोन थरथरला. दुर्बीणवालीचा निरोप होता: "आजचा फोटो आला. म्हातारा आहे तिथेच आहे. गणित तपासा."

"काय रे, काय म्हणतायत?" बाबांनी विचारलं.

"माझंच चुकलं, बाबा!" दादा त्यांच्या कानाशी ओरडला.

"असू दे रे," बाबा म्हणाले. मग त्यांनी त्याच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. "दूध कुठंय?"