कांतीभाईंचा बारावाट्या

२०२२ साली मी एकोणसत्तर वर्षांचा होतो, आणि सुरतेच्या पांडेसऱ्यातल्या आमच्या गल्लीत येणाऱ्याजाणाऱ्याला 'बारावाट्या' म्हणणारा एकच माणूस होता. शेजारचे कांतीभाई.

म्हातारा मूळचा काठेवाडचा, एकटा राहायचा. कॉर्पोरेशनच्या गाडीतून उडी मारून पळालेलं कुत्रं बारावाट्या. नळावर दादालोकांच्या बादल्या सारून आपली कळशी भरणारी म्हातारी, तीही. पळून जाऊन लग्न केलेली पोरगीसुद्धा. वर बोट नाचवून सांगायचे, "चोर नथी हं दगडूभाई. आ तो बहारवटियो."

मी मान हलवायचो. त्या कुत्र्याच्या आणि पोरीच्या बारा वाटाच झाल्या होत्या, ठावठिकाणा सुटला होता, मग चुकीचं काय? शाळा माझी तिसरीपर्यंत, पण मराठी मला कोणी शिकवू नये.

नातीच्या साखरपुड्याला जवळच्या बमरोलीचे, मुलाकडचे पाहुणे आले. त्यांनी विचारलं, "आजोबा काय करायचे?" मी तोंड उघडायच्या आत कांतीभाईंनी माझ्या खांद्यावर हात टाकला. "अमारा दगडूभाई तो मोटा बहारवटिया."

माझं डोकं फिरलं. "पाहुण्यांपुढे माझ्या घराच्या बारा वाटा काढतो? बारा वाटा तुझ्या घराच्या झाल्या. दोन पोरांपैकी एक तरी दिवाळीला येतो का?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा अरेतुरे केलं. मराठी त्यांना पक्की समजत होती. अर्धी जिलबी ताटलीत ठेवून ते उठले. चपला पायात घालायलाही थांबले नाहीत, हातातच घेऊन गेले.

पाहुणे गेल्यावर सून समोर उभी राहिली. ती सुरतेत वाढलेली, गुजराती शाळेतली, घरात अहिराणी. "आप्पा, हाई काय करं तुम्हीन? बारावाट्या नाही हो, बहारवटियो. राजानं अन्याय केला की घरदार सोडून हत्यार उचलतो, तो. गरिबाला हात लावत नाही."

"मग मी कुठला?"

"मिलचं कुलूप."

मी मिलमध्ये होतो तेव्हा एकदा पाळी संपली तरी शेठनं बाहेरून कुलूप लावून ठेवलं होतं. आत एक कारागीर उष्म्यानं पडला, तेव्हा मी खिडकीतून उतरून पहारीनं ते कुलूप फोडलं. नोकरी गेली. मी विसरूनही गेलो होतो.

"कांतीभाई गल्लीभर सांगतात ती गोष्ट," सून म्हणाली. "मुलांना फोनवर पण तीच. मुलं म्हणतात, बापू, ही झाली सांगून, आणि ठेवून देतात."

मी भिंतीकडे तोंड करून पडलो. जेवण गेलं नाही. माफी मागायची मला सवय नाही, कोणाची मागितलेली आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुतलेला सदरा घालून मी त्यांची कडी वाजवली. दार उघडलं.

"चला बमरोलीला," मी म्हणालो.

"शा माटे?"

"पाहुण्यांपुढे बोललो ना मी. तुमच्या शब्दाचा अर्थ तुम्ही सांगा. माझ्या शब्दांचं मी बघतो."

ते आत गेले, टोपी घालून आले. मी रिक्षा थांबवली आणि त्यांना आधी बसवलं.