कुसुममावशींच्या गाण्याला पहारा

आमच्या शेजारच्या कुसुममावशी गायला बसल्या की आधी खिडकीला गोधडी लावायच्या. मलकापूरच्या मे महिन्यात, भर दुपारी! कारण विचारलं तर गल्लीकडे बोट दाखवून म्हणायच्या, "लोक चाल चोरतेत वो."

मावशी जॅझ गातात. वडील वरातीच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवायचे, तिथून हे वेड लागलं आणि पुढे तीस वर्षं मुंबईच्या हॉटेलांत स्विंग गायल्या, असं त्याच सांगतात. मला मेलीला हे बरेच दिवस पटलं नव्हतं. पुरावा काय, तर एक फोटो. त्यातही चमकत्या झग्यातल्या बाईचं तोंड माईकमागे! "ह्या तुम्हीच कशावरून?" असं मी विचारलं, तर आठ दिवस माझ्याकडे कढीपत्ता मागायला आल्या नाहीत.

"स्विंग म्हणजे काय हो?" मी एकदा विचारलं.

"टाळी जागेवर पडत नाही, मांगून येते. आपल्या पॅसेंजर गाडीसारखी. पण येते बरं!"

सत्तरीत त्यांनी नवा अल्बम करायला घेतला. गाणी मराठी, चाली स्वतःच्या. मग तर पहारा दुप्पट. दारात कोणी आलं की शब्द गिळून 'शुबा-डुबा, डुबा-डू' सुरू. दूधवाल्याला वाटलं बाईंच्या अंगात आलं. तो कॅन तिथेच टाकून पळाला. मला एक गाणं ऐकवलं, तेसुद्धा आधी मोबाईल काढून घेऊन. सगळ्यात मोठा संशय गल्लीच्या टोकाच्या बँडवाल्या रमेश मास्तरांवर. "एक नंबरचा चोर! सकाळी ऐकते, संध्याकाळच्या वरातीत वाजवते."

अल्बम अकोल्याला जाऊन रेकॉर्ड झाला, त्यांच्या भाच्यानं नेटवर चढवला. महिना गेला. एकोणीस वेळा ऐकला गेला होता. त्यातल्या सतरा वेळा मीच, कारण मावशी रोज आकडा बघतात असा मला संशय होता. चोरी राहिली बाजूला, फुकटही कोणी घेईना. मावशींनी गाणं बंद केलं आणि मला फार वाईट वाटलं.

डिसेंबरात एके दिवशी बघते तर गोधडी गायब, खिडकी सताड उघडी.

"मावशी, खिडकी?"

"उकडून राह्यलं वो."

अंगात स्वेटर! मी काय दूधखुळी आहे? रोज सहाला, मास्तर सराव संपवून खिडकीखालून जायच्या वेळी, तेच एक गाणं. तेही शब्द सुटे सुटे करून, शाळेत शुद्धलेखन घालतात तसं.

गेल्या रविवारी गल्लीतून वरात आली आणि मास्तरांच्या क्लॅरोनेटवर मावशींचं गाणं! मागून येणाऱ्या टाळीत पोरांचे पाय अडकत होते, तरी नाचत होती. मावशींनी माझं मनगट गच्च धरलं.

"चोरलं, शोभा! चोरलं मेल्यानं!"

डोळ्यांतून घळाघळा पाणी. तशाच अनवाणी रस्त्यावर उतरल्या. त्यांना बघताच मास्तरांनी क्लॅरोनेट तोंडातून काढलं, अख्खा बँड गप्प झाला.

"मावशी, चुकलं माह्यं," मास्तर कसंबसं म्हणाले.

"थांबला काऊन बे?" मावशी रडतारडता ओरडल्या. "माह्या गाण्यावर माह्यं गाव पहिल्यांदा नाचून राह्यलं. वाजव!"