रुमालाखालचा सौदा

साळवेमामांनी माझ्याआधी आमच्या गल्लीत अकरा जुन्या गाड्या घेऊन दिल्या आणि त्यातल्या एकाही गाडीचा भाव कुणी कानांनी ऐकलेला नाही. मामा भाव बोलतच नाहीत. गाडी पसंत पडली की ते गळ्यातला चौकडीचा रुमाल काढतात, विकणाऱ्याचा हात हातात घेतात, वर रुमाल टाकतात आणि आतल्या आत बोटं दाबून सौदा करतात. बघणाऱ्याला फक्त रुमाल हललेला दिसतो.

ही बैलबाजारातली जुनी रीत. मामांचे वडील दलालांबरोबर बाजार फिरायचे, त्यांच्याकडून ती यांच्या हातात आली. मामा स्वतः सरकारी वर्कशॉपात मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले. बैलाचा कासरा त्यांनी कधी धरला असेल असं वाटत नाही. पण गाडी आणि बैल यांत ते फारसा फरक करत नाहीत. "गाडीसमोर तिची किंमत काढायची नसती, जाधव," असं ते मला अगदी गंभीरपणे सांगतात. "इतकी वर्षं राबलीय ती. तिला काय वाटंल?"

गाडी बघायला मामा सकाळी सातच्या आत जातात. आधी नुसता बॉनेटवर हात ठेवतात. कोमट लागलं तर तसेच परत फिरतात, कारण मालकानं इंजिन आधीच तापवून ठेवलं म्हणजे काहीतरी झाकायचं आहे. मग खिशातून फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक निघतं आणि पत्र्यावरून फिरतं. जिथं चिकटत नाही तिथं पोचा बुजवायला पुट्टी भरलेली. एकदा एका एजंटानं चकचकीत गाडी दाखवली. डाव्या दाराला चुंबक कुठंच धरेना. "हे दार नाय," मामा म्हणाले, "कणकेचा गोळा हाय." एजंट अजून मामांना बघून रस्ता बदलतो.

यंदा माझीच पाळी आली. गावी, देवगाव रंगारीला, एकट्या राहणाऱ्या माझ्या वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मी त्यांना शहरात आमच्या फ्लॅटवर आणलं. आठवड्यातून तीनदा दवाखान्यात व्यायामाला न्यायचं होतं. पाय वाकत नसल्यामुळं रिक्षात बसता येईना. डॉक्टरांनी बजावलं होतं, खाडे झाले तर गुडघा कायमचा आखडेल. दोनदा मित्राची गाडी मागितली, तिसऱ्यांदा मागवेना. जवळ दोन लाख दहा हजार होते. त्याच्या वर एक रुपया नव्हता.

मामांनी शहराच्या छावणी भागातली एक गाडी शोधली. मालक कादरी मास्तर, निवृत्त उर्दू शिक्षक. बायको गेलेली, मुलगी हैदराबादला. डोळे अधू झाले म्हणून गाडी विकायला काढली होती. फोनवर त्यांनी दोन चाळीस सांगितले होते. आम्ही पोचलो तेव्हा बॉनेट गार होतं आणि चुंबक सगळीकडं चिकटलं. मामांनी रुमाल काढला. मास्तर आधी दचकले, मग रीत समजल्यावर भलतेच खूश झाले. "हौ, ये अच्छा है! पडोसियों को खबरच नहीं!"

अर्धा तास रुमाल हलला. "जमत आलंय," मामा म्हणाले. "उद्या येऊ."

दुसऱ्या दिवशी चहा झाला, रुमाल झाला. "बोटभर राहिलंय." तिसऱ्या दिवशी मास्तरांनी खिचडी केली. चौथ्या दिवशी मामा घरून भाकरी-ठेचा घेऊन गेले. पाचव्या दिवशी जुन्या सिनेमाच्या गप्पांत रुमाल काढायचंच राहून गेलं. मी विचारलं की एकच उत्तर, "घाईचा सौदा नाय करायचा." इकडं वडिलांचे तीन खाडे झाले. ते तक्रार करणारे नव्हते. तसेही फ्लॅटमध्ये ते दिवसभर खिडकीशी बसून असायचे, इथं त्यांच्या ओळखीचं होतं कोण? पण पाय उचलताना त्यांचा चेहरा मला दिसत होता. त्यात दौलताबादचं एक गिऱ्हाईक गाडी बघून गेल्याचं कळलं.

नवव्या दिवशी मास्तरांच्या घरीच माझा तोल गेला. "मामा, बास झालं. मी कर्ज काढून एजंटाकडून दुसरी गाडी घेतो."

मास्तरांनी कप खाली ठेवला. "मामू, अब बता दो इनको," ते म्हणाले. मग स्वतःच माझ्याकडं वळले. "सौदा तो दुसरेच दिन हो गया था. दो लाख पाँच. मैं जबान दे चुका. दौलताबादवाले को भी ना बोल दिया."

मला संताप आला, आणि तो मी लपवलाही नाही. वडिलांच्या गुडघ्याशी हा खेळ कशासाठी, असं मी तारस्वरात विचारलं.

मामा रुमालाची घडी घालत बसले. "चुकलं माझं, जाधव. लई चुकलं," ते म्हणाले. "सौदा झाला की लोकं पेढे देतात अन् जातात. अकरा गाड्या घेऊन दिल्या, एकबी माणूस नंतर सहज म्हणून आला नाय. इथं बसायची गोडी लागली मला."

"मेरे को भी," मास्तर हळूच म्हणाले.

दोन लाख पाच हा भाव रास्तच होता. दुपारपर्यंत कागदांवर सह्या झाल्या. मी मामांना पेढे दिले, आणि नंतर मीही त्यांच्याकडं गेलो नाही. ऑफिस, वडिलांचं आणणं-नेणं, कारणं भरपूर होती. याची मला लाज वाटते.

महिन्याभरानं वडिलांना व्यायामावरून आणताना छावणीतून आलो. मास्तरांच्या अंगणात दोघे खुर्च्या टाकून बसले होते. मध्ये एक जुना कूलर. मी गाडी थांबवून काच खाली केली.

"मामा, काय चाललंय?"

"मास्तरला कूलर विकायचाय. सौदा चालू हाय."

"घेणार कोण?"

मामांनी मास्तरांकडं पाहिलं. मास्तरांनी कूलरकडं.

"गिऱ्हाईक अजून नाय मिळालं," मामा म्हणाले.

माझ्या शेजारचं गाडीचं दार उघडल्याचा आवाज झाला. वडिलांनी पाय वाकवून बाहेर काढला, काठी टेकली आणि उभे राहिले.

"थांब जरा," ते मला म्हणाले. "कूलर बघू तरी."

घरी आमचे दोन कूलर आहेत. मी गाडी बंद केली.