झेंडूची सेवानिवृत्ती

आमच्या इमारतीत टोमॅटोची बदली होते. रीतसर होते. आदेश निघतो, आणि त्याची एक प्रत माझ्या दाराखालून आत सरकते.

'क्रमांक आठ, हुद्दा टोमॅटो, सध्याची नेमणूक कागदी पेला, यांची बढतीसह सहा इंची कुंडीत बदली करण्यात येत आहे. निरोप समारंभ आज सायंकाळी साडेपाच वाजता, गच्चीवर. उपस्थिती प्रार्थनीय.' खाली सही, तारीख आणि शिक्का. शिक्का बटाट्याचा.

पहिल्यांदा हा कागद आला तेव्हा मी झाशीत नवी होते. माझे यजमान फौजेत, इथून जवळच बबीन्याच्या तळावर. मी इथे छावणीतल्या शाळेत शिकवते. फौजी घरात 'बदली' हा शब्द दिसला की आधी माळ्यावरच्या ट्रंका दिसतात, मग बाकीची अक्षरं. टोमॅटोपर्यंत पोचेस्तोवर मी मनातल्या मनात दोन ट्रंका भरून मोकळी झाले होते. तणतणत वर गेले, तर गच्चीवर इस्त्रीचा बुशशर्ट घातलेले एक गृहस्थ हातात टोमॅटोचं रोप उलटं धरून उभे. मला म्हणाले, "बसा. तुम्ही पाच मिनिटं उशिरा आलात, पण पहिली वेळ म्हणून नोंद घेत नाही."

हे आमचे वरच्या मजल्यावरचे आठल्येकाका. मूळचे रत्नागिरीकडचे, शहराबाहेरच्या ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात बत्तीस वर्षं तपासणी खात्यात. तिथे त्यांच्या सहीशिवाय एक नटबोल्ट बाहेर जात नसे, आणि आता त्यांच्या सहीशिवाय एक मिरची मोठी होत नाही.

मातीला काका हात लावत नाहीत. त्यांचा सगळा कारभार नारळाच्या भुशात. त्याच्या दाबून वाळवलेल्या विटा मिळतात. ती वीट बादलीभर पाण्यात टाकायची, फुगली की तीन पाण्यांतून धुवायची, आणि मग 'मूठ-परीक्षा'. मूठभर भुसा पिळला की बोटांतून चार थेंब पडले पाहिजेत. पाच पडले तर माल नापास. "आमच्या कोकणचा नारळ इतक्या लांब नोकरीला आलाय," ते म्हणतात, "त्याला चिखलात कसा बसवायचा?" आदेश मराठीतच का काढता, असं मी एकदा विचारलं. तर म्हणाले, "अगं, मुळं नारळात आहेत. त्यांना हिंदी अजून नीट येत नाही."

बदलीची त्यांची पद्धत मात्र बघत राहावी अशी. नव्या कुंडीच्या मध्यभागी जुन्या मापाचा रिकामा पेला ठेवायचा, भोवती भुसा भरायचा, पेला अलगद काढून घ्यायचा. त्या मापाचा खड्डा तयार. मग रोपाचं खोड दोन बोटांच्या बेचक्यात धरून पेला उलटा करायचा आणि बुडावर दोन टिचक्या मारायच्या. पांढऱ्या मुळांचा अख्खा गड्डा पेल्याचा आकार धरून हातात येतो आणि खड्ड्यात असा बसतो की भुशाला बदली झाल्याचा पत्ता लागू नये. त्यानंतर दोन दिवस हिरव्या जाळीच्या सावलीत. हा 'जॉइनिंग टाइम'. या काळात रोपाकडे टक लावून बघायलासुद्धा बंदी आहे.

पण त्याआधी निरोप समारंभ. तो झाल्याशिवाय टिचकी नाही. सामोसे, चहा, रोपाला मोगऱ्याचा गजरा आणि काकांचं भाषण. 'क्रमांक आठ यांनी पेल्यात असताना कधीही पाण्यासाठी तक्रार केली नाही. दोन पानं पिवळी पडली, पण त्यांनी रजा घेतली नाही.' मग आमच्यापैकी कुणीतरी चार शब्द बोलायचे. मी मिरचीवर बोलले आहे, वांग्यावर बोलले आहे. एका ढोबळी मिरचीवर बोलताना तर मी चक्क डोळे पुसले होते, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

या सगळ्यांत काकांचा लाडका होता तो झेंडू. टोमॅटोच्या एका पेल्यात तो आपणहून उगवला. करवतीसारखी दातेरी पानं बघून काका म्हणाले, "झेंडू आहे. अर्ज न करता आलाय, म्हणजे जिद्दी असणार." जिद्दी तो होताच. तीन आठवड्यांत पेल्यातून सहा इंचीत गेला, तिथून दहा इंचीत, तिथून रंगाच्या रिकाम्या डब्यात. झाशीच्या उन्हात बाकीचे कर्मचारी माना टाकत होते आणि हा माझ्या खांद्याला लागला. फक्त फूल येईना. काकांनी त्याला 'कारणे दाखवा' नोटीस काढून खोडाला दोऱ्याने बांधली. महिन्याभरात उत्तर नाही, तेव्हा काकांनी शेरा मारला, 'कामात चोख, फुलाबाबत अलिप्त', आणि पिंपात बढती मंजूर केली. चौथी बढती म्हणून समारंभ मोठा. त्यासाठी आमचा दूधवाला रामभरोसे यालाही खास आमंत्रण गेलं.

तो आला, सामोसा उचलला, आणि उत्सवमूर्तीकडे बघून तोंडाशी नेलेला हात तसाच थांबला.

"दद्दा," तो म्हणाला, "जा तो भाँग आय."

काका हसले. "अरे नहीं भैया, गेंदा है."

"हमाए गाँव में नरिया किनारे ऐसई ठाड़ी रत." त्याने एक पान चुरगाळून काकांच्या नाकाशी धरलं. "सूँघ लेओ."

काकांनी हुंगलं. मग मी, मग आठल्येकाकूंनी. होळीला शेजारच्या तिवारींकडे ठंडाई घोटताना जो वास येतो, तोच. बत्तीस वर्षं हा माणूस कारखान्याच्या बसमध्ये पेपर उघडून बसला होता, त्यामुळे झाशीच्या नाल्यांवर काय उगवतं हे त्यांनी पाहिलंच नव्हतं. सातारच्या मलाही कधी दिसलं नव्हतं. आणि या झाडासमोर मी तीन वेळा भाषण केलं होतं. एका भाषणात तर मी त्याला माझ्या विद्यार्थ्यांपुढचा आदर्श म्हटलं होतं.

काका खुर्चीत बसले. "माझ्या सर्व्हिस बुकात एक लाल शेरा नाही," ते म्हणाले. "आणि मी ह्याला चार बढत्या दिल्या. लेखी."

"उखाड़ के फेंक देओ," रामभरोसे म्हणाला. "कोऊ देख लेहै तो पुलिस को झंझट हुइए."

मी पटकन पुढे झाले आणि खोडाला हात घातला. काका ओरडले नाहीत, पण उठून माझा हात त्यांनी बाजूला केला.

"असं नाही गं वैशाली. त्याने काम केलंय. असं न सांगता, न विचारता कुणाला घरी नाही पाठवायचं."

ते खाली गेले. दहा मिनिटांत नवा आदेश टाईप करून, शिक्का मारून वर आले. बढती रद्द. क्रमांक सतरा, हुद्दा झेंडू, यांना आजपासून सेवानिवृत्त करण्यात येत आहे. मला हसू आवरेना. मी विचारलं, निवृत्तीला शाल-श्रीफळ हवं, ते कुठाय? काका म्हणाले, श्रीफळ त्यांना जन्मल्यापासून मिळालंय, कुस्करून. शालीऐवजी काकूंनी दोरीवर वाळत घातलेला पंचा झाडाला गुंडाळला.

"निवृत्त होणाऱ्यांचं मनोगत आता मी वाचतो," काका म्हणाले, आणि पाकिटातून त्यांनी एक घडीचा कागद काढला. घड्या इतक्या जुन्या की कागद चार तुकड्यांत यायला आला होता.

"आदरणीय महाप्रबंधक महोदय, और मेरे सभी साथियो," त्यांनी सुरुवात केली.

मी हसत होते ती थांबले. झाडांशी काका हिंदीत बोलत नाहीत.

ते वाचत गेले. पहिल्या दिवशी ज्याने वर्कशॉप दाखवलं त्या मिश्राजींचे आभार. कॅन्टीनच्या चहाचे आभार, 'जो बत्तीस साल में एक बार भी गरम नहीं मिली'. टेस्टिंगच्या सगळ्या पोरांचं नाव घेऊन कौतुक. मध्येच, 'मेरी पत्नी, जो आज यहाँ सामने बैठी हैं,' असं आलं तेव्हा त्यांनी कागदावरून नजर वर केली नाही.

काकू माझ्या कानाशी लागल्या. "लॉकडाऊनात रिटायर झाले हे. पास गेटवरच्या खिडकीत जमा केला आणि डबा घेऊन चालत आले. त्यांच्या कारखान्यात माणूस रिटायर झाला की सगळे त्याला घरापर्यंत पोचवायला येतात, पुढे ढोल लावून. ह्यांनी कितीजणांना पोचवलं असेल. मी आपली नवी साडी नेसून दारात उभी, आणि हे एकटेच. तोंडाला मास्क. म्हणाले, आधी हात धुतो."

मला ढोबळी मिरची आठवली, वांगं आठवलं, आणि मी प्रत्येक वेळी मनात केलेली थट्टा आठवली. मला फार वाईट वाटलं.

भाषण संपलं. काकांनी कागद घडी करून पाकिटात ठेवला, डब्याच्या बुडावर दोन टिचक्या मारल्या, झाड गड्ड्यासकट बाहेर काढलं आणि स्वतःच्या हाताने तुकडे करून खताच्या पिंपात टाकलं. पंचा तेवढा हातात राहिला. काय करावं ते न कळून ते त्याची घडी घालू लागले.

रामभरोसेला भाषणातलं सगळं समजलं होतं, आमच्यापेक्षा आधी. त्याने तो पंचा त्यांच्या हातातून घेतला आणि त्यांच्या खांद्यावर घातला.

"चलो दद्दा," तो म्हणाला. "घरै पौंचा आएँ."

"अरे, घर तो यहीं नीचे है. चौदह सीढ़ी."

"तो चौदा सीढ़ी सही."

त्याने दुधाची रिकामी कॅन उचलली आणि तिच्यावर ताल धरला. काकू कधी खाली निसटल्या ते मला कळलं नाही. पुढे कॅन वाजवत रामभरोसे, मध्ये झाडासाठी आणलेला मोगऱ्याचा गजरा गळ्यात घातलेले काका, मागे टाळ्या वाजवत मी, आणि आवाज ऐकून बाहेर आलेले तिवारीजी, ज्यांना कशाबद्दल हे माहीत नव्हतं पण ज्यांनी लगेच नाचायला सुरुवात केली. चौदा पायऱ्या उतरायला आम्ही चांगली दहा मिनिटं घेतली. काका प्रत्येक पायरीवर थांबून म्हणत होते, "पुरे, अहो पुरे," आणि पुढची पायरी मुद्दाम सावकाश उतरत होते.

दार उघडं होतं. काकू हातात औक्षणाचं तबक घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या. एवढ्या वेळात त्यांनी साडी बदलली होती. घडी मोडलेली दिसत होती, पण साडी नवीच होती.

"आलात?" त्या म्हणाल्या. "किती उशीर केलात."