कुंभोज्यांचा मुलगा

हिरेवाडीत माणसाला त्याच्या नावाने हाक मारली तर तो स्वतःसारखा वागे आणि बापाच्या नावाने मारली तर बापासारखा.

भूपाल कुंभोजेला याचा त्रास एकदाच झाला, पण मोठा झाला. मुलगी बघायला गेला असता तिचे काका म्हणाले, "कुंभोज्यांचा मुलगा, विचारा काय ते." भूपालच्या तोंडून त्याच्या वडिलांचा, अण्णांचा, तीस वर्षांपूर्वीचा प्रश्न बाहेर पडला, "भाकरी थापता येते का?" मुलगी शाळेत गणित शिकवत होती. चहासुद्धा आला नाही.

आता रविवारी सुनंदाकडे जायचं होतं. ती त्याच्या दुकानात भडंग घ्यायला यायची, त्याला भूपाल म्हणायची. तिच्या घरचे मात्र कुंभोज्यांचा मुलगाच म्हणणार.

बापाची रीत काढून टाकायला तो नगरपालिकेच्या वारसा खिडकीवर गेला. कारकून चौगुले म्हणाले, "तुम्ही सांगून चालत नाही. ज्यांची रीत आहे त्यांनी सोडायला हवी."

घरी हे ऐकून अण्णा चिडले. "माझ्या विचारण्यात वाईट काय होतं? तुझी आई आलीच ना?"

"आले," आई आतून म्हणाली, "पण दिवाळीपर्यंत बोलले नव्हते."

अण्णा चप्पल घालून भूपालसोबत खिडकीवर निघाले.

चौगुल्यांनी विचारलं, "रीतीची जागा मोकळी ठेवायची की रिकामी करायची? मोकळी ठेवली तर पोराला ऐनवेळी सुचलं नाही की तुमचंच बाहेर येईल. रिकामी केली तर तुमचं काही उरणार नाही. तुम्हालाही ते पुन्हा जमणार नाही. पोराला स्वतःचंच आणावं लागेल."

अण्णांनी भूपालकडे पाहिलं. तो शर्टाचं बटण पिळत होता.

"याला ऐनवेळी काही सुचत नाही," अण्णा म्हणाले. मग चौगुल्यांना म्हणाले, "रिकामी करा."

रविवारी सुनंदाच्या मामांनी पोह्यांची बशी पुढे सरकवली. "कुंभोज्यांचा मुलगा, विचारा."

भूपालने तोंड उघडलं. आत काहीच नव्हतं. त्याने अण्णांकडे पाहिलं, तर तेही तोंड उघडून बसले होते. मामा खाकरले. आईने पदर सावरला.

"तुम्हाला," भूपाल सुनंदाला म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला. "तुम्हाला मला काही विचारायचंय का?"

सुनंदाने ट्रे खाली ठेवला आणि खुर्ची ओढून समोर बसली.

"बरंच आहे," ती म्हणाली. "पोहे खाऊन घ्या आधी."